गुरुऋण आणि ग्रंथपालांची एक शाळा

विद्येचें ऋण इतर ऋणांसारखें नाहीं. सावकाराचें कर्ज व्याजासह फेडतां येतें, आणि तें फेडल्यावर त्याच्या दारावरून मान वर करून जाण्यास ऋणको मोकळा असतो. शिकविणाऱ्याचें तसें नाहीं. त्यानें आपणांस जें दिलें तें दिल्यानें त्याच्याजवळचें कांहीं कमी झालें नाहीं. मग त्यास परत करावयाचें तें काय, आणि आपण मोकळे झालों असें म्हणावयाचें तें कोणत्या दिवशीं? हा प्रश्न जुना आहे व त्यावर आमच्या पूर्वजांनीं पुष्कळ विचार केला आहे. परंतु त्याच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, त्याकडे मात्र आम्ही शिक्षकवर्गानें सोईस्करपणें दुर्लक्ष केलें आहे. ज्यानें शिकविलें त्याचेंच वर्तन निंद्य निघालें, तर त्या ऋणाचें काय होतें?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. गेल्या वर्षीं एका शिक्षणसंस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनीं आपल्या एका दिवंगत प्राध्यापकांचें तैलचित्र सभागृहांत लावण्याचें ठरविलें आणि त्यासाठीं एक विनंतिपत्र सह्यांकरितां फिरविलें. प्राध्यापक विद्वान होते आणि उत्तम शिकवीत, ह्याविषयीं दुमत नव्हतें. आम्हीं सही केली. चार दिवसांनीं त्यांच्या एक जुन्या विद्यार्थिनी आमच्याकडे आल्या. त्या आज स्वतः शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, “सर, त्यांनीं जें शिकविलें त्यावरच मी आज पोट भरतें. पण त्यांच्या खोलींत एकटीनें जावयाचें म्हटलें म्हणजे मला जी भीति वाटे, तीहि मी विसरलें नाहीं, आणि ती भीति खोटी नव्हती. मी सही करावी कीं नाहीं?” आम्हीं त्या वेळीं ‘गेलेल्या माणसाचे गुण आठवावे’ असें कांहीं तरी सांगून वेळ मारून नेली. त्या उत्तरानें त्यांचें समाधान झालें नाहीं, आणि त्या उठून गेल्यावर आमचेंहि झालें नाहीं.

ह्या गोष्टीचा विचार करीत असतां ग्रंथपालांच्या एका जुन्या शाळेचा इतिहास वारंवार आमच्या मनांत येऊं लागला. ती शाळा दूरदेशींची आहे; तिचा संस्थापक, तिचे विद्यार्थी व त्यांतील बहुतेक प्रसंग ह्यांस आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. म्हणूनच राग किंवा संकोच ह्यांपासून दूर राहून आमचा प्रश्न त्या इतिहासांत अधिक स्पष्ट पाहतां येतो.

मेल्व्हिल ड्युई हें नांव ग्रंथालयांत पाऊल टाकणारा प्रत्येक मनुष्य जाणतो. ज्ञानाचे दहा विभाग करून प्रत्येक पुस्तकास अंक देणारी त्यांची दशांश वर्गीकरणाची पद्धति १८७६ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १८८३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजाचे ग्रंथपाल झाले. तोंवर ग्रंथपालाचा धंदा शिकावयाचा म्हणजे एखाद्या अनुभवी ग्रंथपालाच्या हाताखालीं उमेदवारी करावयाची, अशीच रीत होती. वैद्य व वकील ह्यांच्यासाठीं शाळा असतात, मग ग्रंथपालांसाठीं कां नसावी, असा ड्युईंचा आग्रह होता. आणि त्या आग्रहांतून ५ जानेवारी १८८७ रोजीं कोलंबियांत त्यांची शाळा उघडली.

पहिल्या वर्गांत २० विद्यार्थी होते व त्यांतील १७ स्त्रिया होत्या. त्या काळीं कोलंबियाच्या वर्गांत स्त्रियांस बसूं देत नसत. विश्वस्तांनीं ह्या शाळेस वर्गाची खोली नाकारली. तेव्हां ड्युईंनीं कॉलेजाच्या प्रार्थनामंदिरावरील एक अडगळीची खोली रिकामी करून घेतली, मिळेल तें सामान तींत मांडलें आणि ठरल्या दिवशीं व्याख्यानें सुरू केलीं. कॉलेजाच्या चालकांशीं त्यांचें जें बिनसलें त्याचें हें एक मोठें कारण होतें. १८८८ अखेर त्यांस कोलंबिया सोडावें लागलें, आणि १८८९ सालीं शाळा त्यांच्याबरोबर आल्बनी येथें, न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी ग्रंथालयांत गेली. ज्या मुलींस पदवी मिळूनहि शाळामास्तरणीच्या पलीकडे वाट दिसत नव्हती, त्यांच्यासाठीं एका मनुष्यानें आपली नोकरी पणास लावून एक दार उघडलें, एवढें तरी कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

ह्या शाळेंत काय शिकवीत? पुस्तक आलें कीं तें दाखल-वहींत कसें नोंदवावें, त्याचा विषय कसा ठरवावा, फळीवर कोठें ठेवावें, सूचीचें कार्ड कसें लिहावें, बांधणी कशी पारखावी, वाचकास हवें तें कसें शोधून द्यावें, अशीं रोजच्या कामाचीं शेंकडों अंगें. इतर ग्रंथालयें, छापखाने व पुस्तकबांधणीचे कारखाने प्रत्यक्ष पाहण्यास विद्यार्थ्यांस नेत. आणि ह्यांबरोबर आणखी एक विषय होता, त्याचें नांव ऐकून आज हंसूं येईल. तो विषय म्हणजे हस्ताक्षर. टंकलेखनयंत्रें सर्वत्र पोंचलीं नव्हतीं आणि सूचीचीं कार्डें हातानेंच लिहावीं लागत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास आपलें सवयीचें अक्षर टाकून एक ठराविक ‘ग्रंथालयी अक्षर’ गिरवावें लागे. उभें, गोल, सारख्या आकाराचें, वेलबुट्टीवांचून. दहा जणांनीं लिहिलेलीं कार्डें एका खणांत ठेवलीं तरी तीं एकाच हातचीं वाटावीं, हा त्यांतील हेतु होता.

ह्या अक्षरांत आम्हांस त्या शाळेची सगळी नीति दिसते. वाचक खणापाशीं येतो तो पुस्तक शोधण्यासाठीं. कार्ड कोणी लिहिलें हें त्यास कळण्याचें कारण नाहीं. लिहिणाऱ्यानें आपली खूण पुसून टाकावी आणि ज्ञान तेवढें पुढें सरकवावें. सेवेचा ह्याहून निर्मळ आदर्श सांपडणें कठीण. परंतु ह्याच आदर्शाला दुसरी बाजू आहे, आणि ती त्या विद्यार्थिनींच्या वांट्यास आली. जिची खूण पुसली गेली तिचा पगारहि सहज कमी करतां येतो. १८८६ सालीं ड्युईंनीं पदवीधर स्त्रियांच्या संघापुढें ग्रंथपालाच्या धंद्याची थोरवी गाइली खरी. पण स्त्रियांस पुरुषांहून कमी वेतन कां मिळतें ह्याचीं जीं कारणें त्यांनीं सांगितलीं, त्यांत प्रकृतीचा नाजूकपणा, व्यवहाराच्या शिक्षणाचा अभाव आणि लग्न करून नोकरी सोडण्याचा संभव, हीं होतीं. त्यांच्या शाळेचा कारभार पुष्कळ वर्षें ज्यांनीं वाहिला त्या मेरी सॅलोमी कट्लर फेअरचाइल्ड ह्यांनींच १९०४ सालीं अमेरिकन ग्रंथालयांची पाहणी करून लिहिलें कीं, मोठ्या पगाराच्या जागा स्त्रियांस मिळत नाहींत व सारख्या कामास सारखें वेतन मिळतें असेंहि दिसत नाहीं.

तरीहि त्या शाळेंतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनीं काय केलें तें पाहावें. पहिल्याच तुकडींतील मेरी राइट प्लमर ह्यांनीं ब्रुकलीनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्यें ग्रंथपालांचें शिक्षण उभें केलें, १९११ सालीं न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाळेचें प्रमुखपद स्वीकारलें, आणि १९१५ सालीं त्या अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्ष झाल्या. कॅथरिन शार्प ह्यांनीं १८९३ सालीं शिकागोंत शाळा काढली व १८९७ सालीं ती इलिनॉय विद्यापीठांत नेली. एडवर्ड ख्रिस्तोफर विल्यम्स १९०० सालीं आल्बनीचा अभ्यास पुरा करून बाहेर पडले. ह्या धंद्याचें रीतसर शिक्षण घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ग्रंथपाल मानले जातात. एका अडगळीच्या खोलींत लावलेलें रोप असें ठिकठिकाणीं रुजलें.

आतां दुसरी बाजू. ह्याच ड्युईंनीं लेक प्लॅसिड येथें १८९५ सालीं एक क्लब काढला होता, आणि त्यांत यहुदी लोकांस व कृष्णवर्णीयांस मज्जाव होता. सरकारी ग्रंथालयाचा प्रमुख असा क्लब चालवितो ही तक्रार १९०५ सालीं वरिष्ठांपुढें गेली. त्यांनीं ड्युईंस ठपका दिला आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचें पद गेलें. ह्याहून आमच्या प्रश्नास जवळची गोष्ट स्त्रियांविषयींची आहे. त्यांच्या शाळेच्या प्रवेश-अर्जांत स्त्रियांकडून छायाचित्र, उंची, वजन, डोळ्यांचा व केसांचा रंग ही माहिती मागत. १९०५ सालीं ग्रंथालय संघाच्या परिषदेनंतर सभासद अलास्काच्या सफरीस गेले असतां ड्युईंनीं बरोबरच्या स्त्रियांशीं नको ती सलगी केली अशा तक्रारी झाल्या, आणि ज्या संघाच्या संस्थापकांत ते होते त्याच्या कारभारांतून १९०६ सालीं त्यांस दूर व्हावें लागलें. तेवढ्यानें तें संपलें नाहीं. त्यांच्या उतारवयांत त्यांच्या एका माजी लेखनिक बाईंनीं ह्याच स्वरूपाची फिर्याद केली व ती १९३० सालीं पैसे देऊन मिटविण्यांत आली. १९३१ सालीं ते वारले. अखेर २०१९ सालीं अमेरिकन ग्रंथालय संघानें आपल्या एका मानाच्या पदकावरून त्यांचें नांव काढून टाकण्याचा ठराव केला.

येथें आमचा प्रश्न उभा राहतो. ज्या धंद्याचें दार त्यांनीं स्त्रियांसाठीं उघडलें, त्याच धंद्यांतील स्त्रियांनीं त्यांच्याविरुद्ध तोंड उघडलें. ह्या स्त्रियांस कृतघ्न म्हणावें काय? उलट, कॅथरिन शार्प ह्यांनीं १९०७ सालीं विद्यापीठाचें काम सोडलें तें आपल्या गुरूच्या लेक प्लॅसिडच्या क्लबांत जाऊन काम करण्यासाठीं, आणि तेथेंच १९१४ सालीं मोटारीच्या अपघातानें त्यांचा अंत झाला. त्यांस एकनिष्ठ म्हणावें कीं आंधळ्या? एकाच ऋणाची हीं दोन उत्तरें आहेत, आणि त्यांतील कोणतें खरें हें ठरविण्यापूर्वीं तें ऋण कोणाचें, हें ठरविलें पाहिजे.

आमच्या परंपरेनें मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें मानिलें आहे. देवांचें, ऋषींचें व पितरांचें. त्यांतील ऋषिऋण फेडावयाचें तें अध्ययनानें. पितृऋण जसें पित्यास कांहीं परत देऊन फिटत नाहीं, तें संततीनें फिटतें, तसेंच ऋषिऋण. म्हणजे ज्याच्याकडून घेतलें त्याच्याकडे वळून नव्हे, तर पुढच्याच्या हातीं देऊन. गुरु हा ह्या व्यवहारांत धनको नसून विश्वस्त आहे. त्यालाहि तें धन दुसऱ्याकडूनच मिळालेलें असतें, आणि तें पुढें पोंचविणें हें त्याचें स्वतःचें ऋण फेडणें असतें. हें एकदां मान्य केलें कीं दोन गोष्टी आपोआप निघतात. विश्वस्त वाईट निघाला म्हणून मूळ ठेव वाईट ठरत नाहीं. आणि ठेव चांगली आहे म्हणून विश्वस्ताच्या वर्तनाचा जाब विचारूं नये, असेंहि होत नाहीं.

हा विचार आम्हीं पश्चिमेकडून आणलेला नाहीं. तैत्तिरीयोपनिषदाच्या शीक्षावल्लींत विद्या संपवून घरीं निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करितो. आचार्याला देव मान, त्याला प्रिय असेल तें धन आणून दे, अध्ययन व अध्यापन ह्यांत चुकारपणा करूं नको, असें तो सांगतो. आमच्या समारंभांतून एवढाच भाग नेहमीं ऐकूं येतो. परंतु त्याच उपदेशांत, त्याच श्वासांत, आचार्य असेंहि सांगतो कीं, आमचीं जीं चांगलीं आचरणें असतील तेवढींच तूं उचल, इतर नको. गुरूला देव मानण्याची आज्ञा आणि गुरूचें वर्तन निवडून घेण्याची आज्ञा ह्यांत त्या ऋषीला विरोध दिसला नाहीं. आपणांतहि न उचलण्यासारखें कांहीं आहे, हें निरोपाच्या दिवशीं शिष्याच्या तोंडावर सांगण्याचें धैर्य त्याच्या ठायीं होतें. तें धैर्य आम्हां आजच्या शिक्षकांच्या ठायीं नाहीं, म्हणून शिष्यांच्या मौनाची आम्हांस एवढी गरज लागते.

ह्यावर एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, दोष दिसला तर देणगीहि टाकून द्या. ज्या माणसाचें नांव पदकावर नको त्याचे अंक पुस्तकांच्या पाठीवर तरी कां ठेवतां? आम्हांस हा आक्षेप वरवरचा वाटतो. ती शाळा काय एकट्या ड्युईंची होती? त्या खोलींत शिकणाऱ्या सतरा स्त्रियांची ती नव्हती काय? गुरूबरोबर विद्याहि टाकून दिली तर प्लमर ह्यांनीं उभें केलेलें शिक्षण आणि विल्यम्स ह्यांनीं मिळविलेलें ज्ञान हेंहि सर्व त्या एका माणसाच्या खातीं जमा होतें. त्याला दोष देतां देतां आपण त्यालाच सर्वांचा मालक ठरवितों. शिवाय विद्या पुढें जाते ती जशीच्या तशी जात नाहीं. दशांश पद्धतींत धर्माच्या शंभर अंकांपैकीं बहुतेक ख्रिस्ती धर्मास दिलेले होते आणि जगांतील बाकीचे सर्व धर्म शेवटच्या दहांत कोंबलेले होते. नंतरच्या ग्रंथपालांनीं हा दोष ओळखला, त्यावर टीका केली, सुधारणा केल्या. आमच्याकडे रंगनाथन् ह्यांनीं तर १९३३ सालीं स्वतंत्र द्विबिंदु वर्गीकरणच रचून दाखविलें. गुरूचें घेऊन गुरूची चूक दुरुस्त करणें हीच जर विद्येच्या प्रांतांत रीत आहे, तर वर्तनाच्या प्रांतांत तिला द्रोह कां म्हणावें?

ह्या विद्येचा ओघ आमच्या दारापर्यंतहि आला आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड ह्यांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयें पाहिलीं आणि १९१० सालीं विल्यम बोर्डेन ह्या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास आणिलें. महाराजांच्या खासगी संग्रहांतील सुमारें २०,००० ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया झाले, १९११ सालीं ग्रंथपालांचा वर्ग निघाला, खेडोपाडीं पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊं लागल्या, आणि १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हें नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघूं लागलें. तिकडे लाहोरास, आल्बनीच्या शाळेंत शिकलेले आसा डॉन डिकिन्सन ह्यांनीं १९१५ सालीं पंजाब विद्यापीठांत असाच वर्ग चालविला; त्यांचे शिष्य असदुल्ला हे पुढें कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले. खेड्यांतल्या पेटींतून पुस्तक काढून वाचणाऱ्या बडोद्याच्या मुलास कोलंबियाच्या अडगळीच्या खोलीची वार्ताहि नव्हती. तरी त्या चळवळीचा एक धागा त्याच्यापर्यंत पोंचला होता, आणि तो पोंचविण्यासाठीं कोणाच्याहि दोषावर पांघरूण घालावें लागलें नव्हतें.

आणि ती शाळा स्वतः? १९२६ सालीं आल्बनीची शाळा व न्यूयॉर्क ग्रंथालयाची शाळा एकत्र होऊन पुन्हां कोलंबियांत आल्या, आणि १९९२ सालीं कोलंबियानें ती शाळा कायमची बंद केली. तिच्या माजी विद्यार्थ्यांस आज परत जाण्यास दार नाहीं, चित्र टांगण्यास भिंत नाहीं. त्यांचें ऋण म्हणून बुडालें काय? जेथें जेथें कोणी अनोळखी वाचकासाठीं सुवाच्य कार्ड लिहिलें, तेथें तेथें तें फिटत राहिलें. संस्था, संस्थापक व तसबीर ह्यांपैकीं एकहि उरलें नाहीं तरी जें फेडतां येतें, तेंच विद्येचें ऋण होय.

आतां आमच्या त्या पाहुण्या बाईंकडे वळूं. गेलेल्या माणसाचे गुण आठवावे, असें आम्हीं त्यांस सांगितलें होतें. परंतु तैलचित्र गेलेल्या माणसासाठीं लावीत नसतात. तें पुढें त्या सभागृहांत बसणाऱ्या मुलामुलींसाठीं लावतात, आणि तें त्यांस न बोलतां सांगत असतें कीं, ह्यांच्यासारखे व्हा. ज्यांस त्या चित्राचा दुसरा अर्थ ठाऊक आहे, त्यांस त्याच्याखालीं सही करावयास लावणें म्हणजे त्यांच्याकडून खोटी साक्ष घेणें होय. आम्ही हें तेव्हां कां बोललों नाहीं? आम्ही स्वतः शिक्षक आहों. शिक्षकाच्या गौरवांत आमचाहि थोडा वांटा असतो आणि शिक्षकाच्या चौकशींत आमचीहि थोडी चौकशी होते. आमच्या उत्तरांत शहाणपण कमी व हा स्वार्थ अधिक होता, हें कबूल केलें पाहिजे.

आम्हीं त्या बाईंस पत्र लिहिलें आहे. सही करूं नये, आणि न केल्यानें आपण कृतघ्न ठरतों असें मनांत आणूं नये, एवढेंच त्यांत सांगितलें. त्यांचें ऋण त्या रोज आपल्या वर्गांत फेडीत आहेत, आणि त्यांच्या खोलींत यावयास आज कोणा मुलीला भीति वाटत नाहीं, ही त्या फेडींतील सर्वांत मोठी रक्कम आहे. विनंतिपत्रावरील आमची सही मागें घेत असल्याचें दुसरें पत्र आम्हीं त्याच टपालानें चालकांस धाडलें. तें धाडावयास आम्हांस एक वर्ष लागलें.